उशिरा येणारी ओ

३ नोव्हेंबर, सोमवार

आले एकदाची पुण्याला. दौंडपासून इथवर नातवानं, प्रज्ञेशनं, मला पुढच्या सीटवर बसवलं आणि वर पट्ट्यानं बांधून टाकलं. म्हटलं, अरे, मी पळून जात नाही, सत्त्याहत्तराव्या वर्षी कुठं पळू? तर म्हणतो, आजी, विमानात आम्हालाही बांधतात. म्हणजे खानदानी रीतच म्हणायची.

हे लिहितेय माझी नातसून चैताली. कॉलेजात मराठी शिकवते. मी बोलायचं, तिनं वहीत उतरवायचं, रोज नाही तर दोन-तीन दिवसांनी एक पान, असं ठरलंय. मी 'हाय' म्हणते, ती 'आहे' लिहिते. मला कळत नाही असं तिला वाटतं. मला वाचता येत नाही, कळतं चांगलं.

आमचे हे शाळामास्तर होते. अख्ख्या गावाला अक्षरं गिरवायला लावली, माझ्याही मागं लागले होते. मीच म्हटलं, घरात एक वाचणारा पुरे, दुसऱ्यानं चूल बघावी. आता पस्तावले म्हटलं तर चैतालीला फार आनंद होईल, म्हणून म्हणत नाही.

घर धानोरीत, सातव्या मजल्यावर. हॉलमध्ये बुद्ध आणि बाबासाहेब, शेजारी टीव्ही. हॉलला लागून बाल्कनी. खाली गाड्या लावायची जागा आणि फाटकावर पोपट नावाचा वॉचमन, तो येणाऱ्याजाणाऱ्याला सलाम ठोकतो, मलाही ठोकला. डोक्यावरून विमानं इतकी खालून जातात की हात केला तर एखादं थांबेल असं वाटतं.

चैतालीला पाचवा महिना आहे. तिच्यावर लक्ष ठेवायला मला आणलंय म्हणे. ती माझ्या गोळ्यांचे डबे भरत बसलीय. कोण कुणावर लक्ष ठेवतंय ते बघू.

५ नोव्हेंबर, बुधवार

मी गावभर सांगून ठेवलं होतं की नातू हवाई दलात विमान चालवतो. आज कळलं की चालवत नाही. मागं बसतो. म्हटलं, मग काय कंडक्टर आहेस? तर ताट बाजूला सारून समजावायला लागला. आजोबांवर गेलाय.

म्हणाला, रडार म्हणजे हाक मारणारं यंत्र. ते आभाळात हाक मारतं, कोण आहे रे तिकडं? विमानाचा पत्रा गप्प बसत नाही, ओ देतो. ती ओ किती वेळानं आली त्यावरून विमान किती लांब ते कळतं. आता प्रज्ञेशचं विमान म्हणजे जुनंच प्रवासी विमान, पोटात नुसती यंत्रं कोंबलेली. गाभण म्हशीसारखं दिसतं म्हणाला. चैतालीनं त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं उपमा मागं घेतली.

या विमानाची कामं दोन. एक, एवढा कल्ला करायचा की शत्रूच्या रडारला कुणाचीच ओ ऐकू जाऊ नये. दुसरं जास्त लबाडीचं. त्याची हाक पकडून ठेवायची आणि तीच थोडी उशिरा परत सोडायची. उशिरा आली म्हणजे त्याला वाटतं लांबून आली. जिथं विमान नाही तिथं त्याला विमान दिसतं. एकाची चाळीस करता येतात.

मी विचारलं, आणि ती चाळीस संध्याकाळी उतरतात कुठं?

हसताना त्याला ठसका लागला. म्हणे, आजी, ती नसतातच. म्हटलं, नसतात तर दिसतात कशी? म्हणे, दिसण्यापुरती असतात. असली माणसं मला सासरी पुष्कळ भेटली, त्यामुळे पटलं.

मग दोन वाट्या घेऊन त्यानं खेळच दाखवला. खालची वाटी खरं विमान, तिच्यात बसवलेली वरची खोटं. आधी खऱ्याच्या अंगावर चिकटून बसायचं, म्हणजे बघणाऱ्याला दोन्ही एकच वाटतात. मग खऱ्यापेक्षा मोठ्यानं ओ द्यायची. बघणारा मोठ्या आवाजाकडे वळतो. मग हळूहळू बाजूला सरकायचं. वरची वाटी उचलून त्यानं टेबलाच्या कडेला नेली, चैतालीची नजर तिच्या मागोमाग गेली. खरी वाटी माझ्यासमोर तशीच होती आणि तिच्याकडे कुणी बघत नव्हतं.

आणि शेवटी? म्हटलं.

शेवटी एकदम गप्प व्हायचं, तो म्हणाला. खोटं नाहीसं होतं आणि खरं कुठं होतं ते बघणारा विसरलेला असतो.

फसायचं नसेल तर काय करायचं, हेही विचारलं. म्हणाला, मोठ्या आवाजामागं जायचं नाही. जिथं होतं तिथंच बघत बसायचं. फार अवघड असतं, आजी.

८ नोव्हेंबर, शनिवार

गावी तिन्हीसांजेला मी बांधावर उभी राहून सगळ्यांना हाका मारायची. ज्याची ओ येईल त्याची भाकरी तव्यावर. इथंही तेच सुरू केलंय. प्रज्ञेशची गाडी फाटकात शिरली की बाल्कनीतून, प्रज्ञेश, आलास का रे? तो खालून ओ देतो, आलो गं आजी. सात मजले आरामात जाते माझी हाक.

सहाव्या मजल्यावरच्या दुर्गाबाईंनी चैतालीला लिफ्टमध्ये गाठून सांगितलं, आपल्या सोसायटीत इंटरकॉमची सोय आहे, आपल्याला कल्पना नसेल. चैताली कानकोंडी झाली. मी म्हटलं, त्यांना कळव, आमच्याकडे आवाजाची सोय आहे.

परवापासून प्रज्ञेशच्या विमानाच्या चाचण्या सुरू. रोज वर जायचं, रोज खोटी विमानं काढायची. भाकऱ्या मात्र खऱ्या लागतात, तीन.

११ नोव्हेंबर, मंगळवार

आज गाडी दिसायच्या आधीच हाक मारली. दिवे लागले होते, मला वाटलं एव्हाना आला असेल. खालून लगेच ओ आली, आलो गं आजी. मी आत येऊन चहा टाकला.

चहा उकळला, आटला, काळा झाला. प्रज्ञेश नाही. चैतालीनं डाळीचा कुकर लावला होता, त्याच्या सहा शिट्या झाल्या तेव्हा तो दारात. म्हटलं, इतका वेळ खाली काय करत होतास? म्हणे आत्ताच येतोय, विश्रांतवाडीच्या चौकात अडकलो होतो. पोपटला विचारलं तर तो म्हणतो, आजी, साहेबांना मी आज दोनदा सलाम केला.

चैताली म्हणते दुसऱ्या कुणाचा तरी आवाज असेल. असेल बाई.

माझी आई म्हणायची, तिन्हीसांजेला माणूस दिसल्याशिवाय नावानं हाक मारू नये आणि न दिसणाऱ्याच्या हाकेला ओ देऊ नये. भुतं मानायचं आमच्या घरानं छप्पन्न साली सोडलं, मी आठ वर्षांची होते. सगळ्यांबरोबर मीही सोडलं. पण भुतांना तसं कुणी कळवलं होतं का, हे मास्तरांना विचारायचं राहून गेलं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

प्रज्ञेशची बूट काढायची रीत अशी. उजवा हातानं सोडतो, डावा पायानं उडवतो, तो भिंतीवर आपटतो. मग एकदा खोकतो. शाळेत असल्यापासून हेच.

आज आला, बूट उडवला, खोकला, हातपाय धुऊन जेवायला बसला. कुकरच्या चार शिट्या झाल्या आणि दाराबाहेर पुन्हा किल्ल्या वाजल्या. उजवा बूट. डावा बूट भिंतीवर. खोकला.

मी जाऊन दार उघडलं. बाहेर कुणी नाही. त्याचे बूट मघाचेच, एक सरळ, एक उताणा. चैताली म्हणाली शेजारी कुणी आलं असेल. शेजारच्या फ्लॅटला महिनाभर कुलूप आहे, हे तिनंच मला पहिल्या दिवशी सांगितलं होतं.

प्रज्ञेश हातात घास घेऊन थांबला होता. विचारलं, आजी, माझ्यानंतर किती वेळानं वाजलं? म्हटलं, चार शिट्या. मंगळवारी मधे सहा होत्या, पण तेव्हा ते तुझ्या आधी आलं होतं.

त्यानं तो घास खाली ठेवला. पुढं जेवला नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

हे लिहू नका, प्रज्ञेश म्हणाला. चैतालीनं पेन उचललं. मी म्हटलं, लिही.

सोमवारी, पहिल्याच चाचणीत, त्यांनी चाळीस खोटी विमानं काढली. यंत्र बंद केलं. एकोणचाळीस गेली. एक राहिलं. जमिनीवरच्या रडारवर ते यांच्या मागं दिसत होतं. हे वळले की तेही वळायचं, थोडं उशिरा. हे उतरले, मागून तेही उतरलं. धावपट्टीवर कुणाला काही दिसलं नाही. वरच्या साहेबांनी यंत्रात बिघाड लिहून टाकला. उद्यापासून चाचण्या बंद, प्रज्ञेशला आठ दिवस सुट्टी.

मी माझा जुना प्रश्न पुन्हा विचारला नाही. उत्तर दाराबाहेर बूट काढत होतं. दोन शिट्या.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

आता उशीर नाही.

तो खाली दूध आणायला जाऊन आला. बूट एकदाच वाजले, पण जाड वाजले, दोन माणसांनी एकदम काढावेत तसे. बोलला तेही तसंच. भात वाढ गं आजी, असं दोघं मिळून म्हणाले आणि तोंड एकच हललं.

मी चैतालीला विचारलं, तुला ऐकू आलं? ती म्हणाली, त्याला सर्दी झालीय. लिहितेय बिचारी सगळं. पण मला म्हातारचळ लागलाय असं तिच्या तोंडावर लिहिलंय. ते मला वाचता येतं.

आठवडाभर विचार करतेय. यंत्रानं त्या उरलेल्या खोट्याला वरून खाली आणलं असेल. घराचा पत्ता मी दिला. न बघता हाक मारली, नावासकट, सात मजले ऐकू जाईल अशी. त्यानं ती पकडून ठेवली. आणि माझं मन सांगत होतं की मारू नये, तर मी म्हटलं, असलं काही आपण मानत नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार

घरात मोठा हशा आहे. प्रज्ञेश गातो, भांडी घासतो, चैतालीला दिवसातून दहा वेळा हाक मारतो. पाच भाकऱ्या खाल्ल्या. चैताली म्हणते, सुट्टीनं माणूस किती बदलला, बघा. तिचा चेहरा फुललाय. तो मोडायला माझी जीभ उचलत नाही.

पण मी त्याच्या पाठीमागून ताट उचलायला वाकले, तेव्हा त्या हसण्याच्या खाली दुसरा आवाज होता. बारीक. विहिरीच्या तळातून यावा तसा.

आजी, म्हणाला.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

सरकायला लागला.

काल रात्रीचं जेवण टेबलावर झालं. आज सकाळचा नाश्ता त्यानं सोफ्यावर केला. दुपारी दाराजवळच्या स्टुलावर बसून चैतालीला बोलावलं, ती गेली. मघाशी जिन्यात उभा राहून बोलत होता, आणि ती उंबऱ्यात उभी राहून हसत होती. दर वेळी दोन पावलं पुढं. दर वेळी ती मागोमाग.

तो टेबलापासून उठला ना, त्याची खुर्ची रिकामी झाली नाही. गादी दबलेलीच आहे. मी चाचपून बघितलं. हात लागला. मनगटावरच्या घड्याळासकट. खरा प्रज्ञेश तिथंच बसलाय, माझ्यासमोर. दिसत नाही, इतकंच. हळू विचारलं, आहेस का रे? ओ आली, लगेच, अजिबात उशीर नाही. कान ओठांशी नेला तेव्हा कळली.

चैतालीचा हात धरून त्या खुर्चीवर ठेवला. तिला काही लागलं नाही. तिचं लक्ष दाराकडे होतं, तो शीळ घालत होता. ती रडली. माझ्यासाठी. उद्या डॉक्टरांकडे जाऊ म्हणाली.

२२ नोव्हेंबर, शनिवार

डॉक्टर नको म्हटलं. घर सोडून कुठं जाणार नाही. खुर्चीपाशी बसून आहे. चमच्यानं पेज भरवतेय. चमचा रिकामा होतो. चैताली बघते आणि तोंड फिरवते.

आवाज हळूहळू जातोय त्याचा. काल दहा हाकांना दहा ओ. आज सहाच.

दुसरा लिफ्टपाशी. चल गं, खाली फिरून येऊ. चैताली चपलेत पाय घालायला लागते — मी हिला पाठोपाठ हाका मारते. स्वयंपाकघरातून, मोरीतून, कुठूनही. चैताली, पाणी दे. चैताली, गोळी दे. चैताली, कुठं आहेस? ती ओ देते, परत येते. तेवढंच जमतंय —

शेवटी तो गप्प होईल. तेव्हा हिच्या हातात काही उरणार नाही, ना तो, ना हा. तोवर हिला धरून ठेवायचं.

२३ नोव्हेंबर, रविवार

साडेपाच वाजलेत. उजेड आहे अजून. चैताली, बस इथं. एक पान लिही, मग जा, मी अडवणार नाही. शपथ. चैताली, लिही —

माझा डावा हात प्रज्ञेशच्या मनगटावर. नाडी लागते. गार पडत चाललाय. मी हात सोडला की कुणालाच ठाऊक नसेल तो कुठं आहे —

जिन्यातून हाक. चैताली, ओ देऊ नको. मान खाली. लिहिलंस? चांगलं —

आता लिफ्टपाशी. हसतोय. चैताली, लिही —

आता — आता बाल्कनीकडून. बाल्कनीतून नाही. कठड्याच्या पलीकडून, हातभर पुढून. तिथं फरशी नाही गं. तिथं काही नाही, सात मजले. इकडं ये म्हणतो. ये, दिवे बघ खालचे —

चैताली. चैताली. तुझं नाव घेतेय तोवर तू इथं —

चैताली?

हो आजी, म्हणालीस. थोडी थांबून म्हणालीस. पुन्हा. चैताली? — हो आजी — मधे एवढा वेळ कशाला लागतो —

काल दिवसभर हाका मारल्या मी. न बघता. स्वयंपाकघरातून, मोरीतून. नावासकट —

बाहेर गप्प झालं. एकदम.

बाल्कनीचं दार उघडं आहे. कुणी उभं आहे कठड्याशी, पाठमोरं. पिवळा गाऊन. हात पोटावर. एक पाय वर — चैताली आहे ती. चैताली, मागं फिर — मी हात सोडला तर हा जातो, नाही सोडला तर ती —

चैताली तिथं आहे. मग माझ्या शेजारी बसून हे लिहितंय को